जांबोटीचं रान आणि धूपदाळचं पाणी, आत्याबरोबरची थंडीतली पक्षी-सुट्टी

थंडीत पक्षी बघायला जायचं म्हटलं की आमच्या बेळगावातली माणसं एकतर दांडेली म्हणतात नाहीतर थेट भरतपूर. आत्यानं या वेळेला सांगून टाकलं की जिल्हा सोडायचा नाही. पश्चिमेला खानापूर तालुक्यातलं जांबोटीकडचं घाटमाथ्याचं रान आणि पूर्वेला घटप्रभेच्या काठचं धूपदाळ, मग गोकाक-यरगट्टीकडचा माळ, बस. आधी डोंगर, मग सपाटी. आमची आत्या रिटायर्ड मास्तरीण, सत्तरीला टेकलेली, टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत, म्हणजे शहरातल्या झाडीच्या आवारात, वर्षानुवर्षं सकाळी दुर्बीण गळ्यात घालून फिरणारी. पक्ष्यांचं वेड मला तिच्याकडूनच लागलं, त्यामुळं तिनं ठरवलं म्हणजे ठरलंच.

आपला जिल्हा या बाबतीत खरंच श्रीमंत आहे. कणकुंबीला मलप्रभा उगवते तिथं पावसाळ्यात दिवस दिवस समोरचं झाड दिसत नाही, आणि तिथनं पूर्वेला गाडीनं काही तासांत पोचता येतं त्या गोकाकच्या अंगाला वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलीमीटरच्या आसपास. घाट ढग अडवतो, पलीकडं फक्त वारा जातो. म्हणून एका बाजूला सदाहरित रान आणि दुसऱ्या बाजूला काळी जमीन, शाळू, हरभरा आणि खुरटं गवत. पक्षी पण तसेच वेगळे, एका बाजूचा पक्षी दुसऱ्या बाजूला क्वचितच भेटतो.

तयारीचं आधी सांगते कारण तिथंच निम्मं काम होतं. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलीमीटर भिंगाची. दहाची घेतली की लांबचं मोठं दिसतं हे खरं पण रानात उजेड कमी असतो, पक्षी जवळ असतो आणि पानांत सारखा हलत असतो, तिथं नजरेचा आवाका मोठा पाहिजे आणि हात स्थिर पाहिजे. पाण्यावर मात्र दुर्बिणीनं भागत नाही, तिथं ट्रायपॉडवरचा स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं बघायची जास्त ताकदीची दुर्बीण, लागतो, तो एका मैत्रिणीकडनं मागून घेतला. पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ईबर्ड आणि आवाजावरनं पक्षी ओळखणारं मर्लिन, दोन्ही ॲप फोनवर आधीच पूर्ण उतरवून ठेवली, कारण जांबोटी सोडली की रेंजचा भरवसा नाही. कपडे मातकट नाहीतर हिरवट. भीमगड अभयारण्याच्या आत पायी जायचं तर वनखात्याची परवानगी लागते आणि बरोबर माहितगार माणूस लागतो, ते आधी बोलून ठेवलं. २०११ साली झालेलं हे अभयारण्य, साधारण १९० चौरस किलोमीटर, आतल्या बारापेडे गुहांमधल्या दुर्मिळ वटवाघळांमुळं जगात नाव आहे त्याचं. गुहांकडं आम्ही गेलो नाही, जायचा हट्टही धरू नये, त्या जिवांना निवांत राहू द्यावं.

जांबोटीच्या पुढं एका ओळखीच्या घरी उतरलो. घरचे मामा लहानपणापासून रानात फिरलेले, तेच आमचे वाटाडे. पहाटे उठवलं, कोरा चहा दिला आणि म्हणाले, "बाई, आता बोलायचं न्हाई, नुसतं चालायचं." आत्या म्हणाली, "मामा, मी मास्तरीण, गप बसवायचं काम माझं." तिथनं जे दोघांचं जमलं ते शेवटपर्यंत.

धुकं इतकं की वीस पावलांवरचं झाड नुसतं सावलीसारखं. दिसत काहीच नाही, पण ऐकू सगळं येतं. राखी रानकोंबड्याची तुटक बांग, तिकडं लांब मोर, मग एक कुटुर्गा सुरू झाला की त्याला उत्तर देणारा दुसरा, तिसरा. डोंगरातली पक्षी-ओळख ही नव्वद टक्के कानाची आहे असं माझं पक्कं मत झालंय. पानांचा पडदा एवढा दाट की आवाज ओळखल्याशिवाय कुठं बघायचं तेच कळत नाही. मर्लिन चालू ठेवलं होतं, मदत होते त्याची, पण त्याच्यावर डोळे झाकून लिस्ट भरू नका. एका वळणावर त्यानं मोठ्या थाटात सर्पगरुड दाखवला, मामांनी हात वर करून थांबवलं आणि फांदीकडं बोट केलं, तिथं भृंगराज बसलेला, शेपटीची ती दोन लांब पिसं लोंबत होती आणि हा पठ्ठ्या गरुडाची शीळ हुबेहूब काढत होता. लगेच दुसऱ्या दमात शिक्रा या शिकारी पक्ष्याची नक्कल, मग स्वतःचा धातूसारखा खणखणीत आवाज. नकला करण्यात याचा हात धरणारा रानात कुणी नाही.

ऊन झाडांच्या शेंड्याला लागलं तसं रान एकदम जागं झालं. उन्हानं किडे हलायला लागतात, आणि मग येतो मिश्र थवा. हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून पटत नाही. अर्धा तास एक पक्षी नाही, झाडं रिकामी, आणि मग एकाएकी समोरच्या दोन-तीन झाडांवर सगळीकडं हालचाल. भृंगराज पुढं, त्याच्यामागं नारिंगी-काळे निखार, खाली झुडपात सातभाईच्या जातीतले छोटे पक्षी पानं उलटीपालटी करताहेत, मधल्या फांद्यांवर ठिपकेवाला छोटा सुतार, आणि खोडावर मखमली शिलींध्री. या शिलींध्रीकडं मी नीट बघत राहिले. चिमणीपेक्षाही लहान, पाठ जांभळट निळी, कपाळ काळं मखमलीसारखं, चोच लालभडक, आणि डोकं खाली करून खोडावरनं सरळ उतरत येते, सुतार पक्ष्याला शेपटीचा टेकू लागतो, हिला लागत नाही, नुसत्या बोटांवर सगळा भार. सालीच्या भेगेत चोच घातली, एक कोळी ओढून काढला, दोनदा आपटला आणि गिळून पुढच्या भेगेकडं. एवढे सगळे एकत्र का फिरतात तर एकाच्या धडपडीनं उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो, आणि शिकारी पक्षी आला तर पन्नास डोळ्यांपैकी कुणाच्या तरी नजरेला पडतोच. पहाऱ्याचं काम भृंगराज करतो, त्याच्या बदल्यात बाकीच्यांनी उडवलेलं खातो. पाचेक मिनिटांत थवा पुढं सरकला आणि झाडं परत रिकामी.

याच थव्यात मी आत्याला हळूच म्हटलं, "शिंजीर बोलतोय बघ, अगदी डोक्यावर." ती म्हणाली, "कुठं गं?" मी परत सांगितलं, तिनं मान वाकडी करून ऐकलं, आणि मग शांतपणे म्हणाली, "मला नाही येत ऐकू. फुलटोच्यापण नाही येत. दोन थंड्या झाल्या, बारीक आवाज गेलेत माझे." वय झालं की आधी तीक्ष्ण उंच पट्टीचे आवाज जातात हे मला माहीत होतं, पण ज्या बाईनं मला डोळे मिटून आवाज ओळखायला शिकवलं तिच्या बाबतीत ते लक्षात घ्यायचं मला सुचलं नव्हतं. वाईट वाटलं. तिनं मात्र लगेच वाटणी करून टाकली. मी आवाज धरायचा आणि घड्याळाच्या काट्यावर दिशा सांगायची, दहा वाजता, मधली फांदी, सुकलेल्या पानाच्या वर, आणि दुर्बीण लावून शोधायचं काम तिचं. एकदा दिशा कळली की तिची नजर अशी काही पक्की की मी अजून फांदी शोधतेय तोवर ती पिसांचा रंग सांगून मोकळी. त्या पद्धतीनं आम्ही लाल पाठीचा शिंजीर मिळवला, पश्चिम घाटाशिवाय जगात कुठंही नाही हा, एवढासा, मनगटाएवढा पण नाही, आणि डोक्यावरचा हिरवा टिकला ऊन पडलं तसा पेटला.

हिमालयातनं थंडीला उतरलेले पाहुणे पण भेटले. नीलांग माशीमार, अंगभर निळसर हिरवा, उघड्या फांदीच्या टोकावर बसणार, एक किडा धरणार, परत तिथंच. उन्हाळा काढायला हा परत हिमालयात जाणार. निळ्या डोक्याचा कस्तुर पण तसलाच, आपल्याकडं थंडीपुरता.

नांद्रुकाच्या फळांवर आलेल्या झाडाखाली मामांनी आम्हाला बसवलं आणि सांगितलं की इथनं हलायचं नाही, फळं पिकलीत, येणार म्हणजे येणार. पहिल्यांदा हरियाल, म्हणजे हिरवी कबुतरं, आले, पानाच्या रंगात मिसळून गेलेले, फळ खाली पडलं की कळायचं कुठं बसलेत. मग मलबारी राखी धनेशांचं ते खदाखदा हसल्यासारखं ओरडणं. आणि मग डोक्यावरनं लोहाराच्या भात्यासारखा आवाज, आत्यानं मान वर केली, "हा आला ऐकू!" महाधनेशाची जोडी. यांच्या पंखांच्या खालच्या बाजूला उड्डाणपिसांच्या बुडाशी इतर पक्ष्यांसारखी झाकणारी पिसं नसतात, हवा मधनं जाते म्हणून हा आवाज. नर फळ चोचीच्या टोकात धरायचा, मान मागं टाकून हवेत उडवायचा आणि थेट घशात. एवढी बोजड चोच आणि त्या टोकाशी बोराएवढं फळ, पण चुकत नाही. तास-दीड तास आम्ही तिथंच होतो, मान अवघडून गेली तरी आत्या उठायला तयार नाही.

कर्णा म्हणजे मलबार ट्रोगन शेवटच्या सकाळी दिसला. थंडीत तो फारसा बोलत नाही, विणीच्या आधी फेब्रुवारीपासून साद घालायला लागतो, त्यामुळं माझे कान काही कामाचे नव्हते. मामांनीच बघितला, बांबूच्या बेटामागं, आमच्याकडं पाठ करून. पाठ मातकट, म्हणून समोर असून दिसत नाही. मग त्यानं मान वळवली, हळूहळू अंग फिरवलं आणि ते लाल पोट, छातीवरचा पांढरा पट्टा, काळं डोकं. आम्ही श्वास पण जपून घेत होतो. फोटो काढायचा मोह झाला पण आत्यानं हात धरला, बरोबरच केलं, आधी डोळे भरून बघावं माणसानं. रानात फोनवरनं पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणारे लोक असतात, कृपा करून ते करू नका. तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा कोण घुसला म्हणून खाणं सोडून धावत येतो.

मामीच्या हातची नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि वर सोलकढी खाऊन निघालो, परत यायचं कबूल करून घेतलं त्यांनी.

बेळगाववरनं हायवेनं हिडकलकडं. घटप्रभेवरचं हिडकल धरण मोठं, त्याच्या फुगवट्याच्या काठानं गाडी लावत लावत बघायचं. इथं सगळं उलटं. आवाज कमी आणि मोकळीक एवढी की नजर ठरत नाही. पक्षी अर्धा किलोमीटर लांब, पाण्यावर ठिपक्यांसारखे. उन्हं वर आली की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि स्कोपमधनं सगळं वितळल्यासारखं दिसतं, म्हणून सपाटीवर पण पहाटेच उभं राहावं लागतं, आणि सूर्य पाठीशी येईल असा काठ निवडावा लागतो, नाहीतर सगळी बदकं काळीच. तलवार बदकांची निमुळती शेपटी, थापट्याची ती फावड्यासारखी चोच, भुवई बदकाच्या डोळ्यावरची पांढरी रेघ, एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मं काम होतं. चक्रवाक जोडीजोडीनं, विटकरी रंगाचे, लांबनं पण ओळखू येतात.

धूपदाळचं वेगळं. घटप्रभेवरचा जुना बंधारा, त्याच्या मागं साठलेलं उथळ पाणी, बेटं, वेली, गवत, १९७४ पासून पक्षी अभयारण्य. इथनंच खाली नदी गोकाकला १७० फुटांवरनं कोसळते. थंडीत पाण्याची पातळी किती यावर इथं सगळं ठरतं. पाणी जरा उतरलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि तेच कांड्या करकोच्यांना (डेमॉइझेल क्रेन) पाहिजे असतात, रात्री उथळ पाण्यात उभं राहायला. भरपूर पाणी असलं तर बदकं मिळतात पण काठावरचे पक्षी लांब जातात. निघायच्या आधी तिथल्या कुणालातरी फोन करून पाणी किती आहे विचारा, हे मी सगळ्यांना सांगते.

अंधारातच काठाला जाऊन बसलो. थंडी मरणाची, रानात झाडं तरी अडवतात, इथं वारा सरळ अंगात. चित्रबलाक आणि उघड्या चोचीचे करकोचे उजाडायच्या आधीपासून उभे होते, कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबलेला. मी डोळे ताणून पूर्वेकडं बघतेय आणि आत्या एकदम म्हणाली, "आले." मला काहीच ऐकू येईना. ती म्हणाली, "उजवीकडं, लांब, घर्र घर्र." तो आवाज खालच्या पट्टीतला, जाड, तिच्या कानाला तो स्पष्ट येत होता आणि मी वाऱ्याच्या आवाजात तो हरवून बसले होते. मग मला पण आला. कांड्या करकोचे, बेटाच्या पलीकडच्या चिखलातनं उठले, आधी एक ओळ, मग दुसरी, मग ओळी एकमेकांत मिसळून परत सुट्या होत गेल्या, आणि आमच्या डोक्यावरनं शेतांकडं.

करकोच्यांच्या या कुळातला, म्हणजे क्रौंचांच्यातला, हा सगळ्यात लहान, वजन दोन-तीन किलो. मंगोलिया, कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात अंडी घालतात आणि हिमालय ओलांडून येतात. आम्ही त्यांच्या मागं गाडी घेऊन गेलो, एका हरभऱ्याच्या रानाजवळ ते उतरले. बांधावर कन्नड बोलणारे एक अज्जा बसले होते, "बर्री, कुंदर्री" म्हणून त्यांनी घोंगडीवर जागा करून दिली. तिथनं स्कोप लावला तर डोळ्याचा लाल रंग दिसत होता. राखाडी अंग, गळा काळा आणि ती काळी पिसं छातीवर लोंबलेली, डोळ्यामागनं पांढऱ्या पिसांचा झुबका मानेवर गेलेला, वाऱ्यानं तो हलायचा. दोन-चार पक्षी सारखे मान वर करून उभे, बाकीचे मान खाली घालून वेचताहेत, मग पहाऱ्यावरचा एक खाली वाकला की दुसरा उभा. अज्जांना विचारलं, रानाचं नुकसान नाही का होत? ते म्हणाले, थोडं खातात, खाऊ देत, माझ्या आज्ज्याच्या वेळेपासून येतात. पूर्वी सगळीकडं शाळू, हरभरा, भुईमूग असायचा, आता पाटाचं पाणी आलं तसा ऊस वाढला, आणि उसात हे उतरत नाहीत, असंही त्यांनी सांगितलं. ते मला फार लागलं. उभ्या उसात एवढ्या मोठ्या पक्ष्याला उतरायला आणि चारी बाजूंना बघायला जागाच नाही. शेतकऱ्याला ऊस परवडतो, त्याला काय म्हणणार, पण धूपदाळचं पाणी राखून भागणार नाही, भोवतीची उघडी रानं पण थोडीतरी राहिली पाहिजेत. दुपारच्या आत करकोचे पाणी प्यायला परत बंधाऱ्यावर आले, संध्याकाळी आणखी एक फेरी शेतात. ज्यांना पहाटे जमत नाही त्यांनी निदान दहा-साडेदहाला काठावर असावं.

जेवायला ज्वारीची कडक भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगा चटणी आणि दही. गोकाकला गेलो म्हणजे तिथली मिठाई, करदंट, घेणं आलंच.

यरगट्टीकडच्या माळावर आम्ही भोवत्यांसाठी, म्हणजे हॅरियरसाठी, गेलो. हे शिकारी पक्षी पण मध्य आशियाकडनं येतात, गवतावर अगदी खालनं, पंख इंग्रजी व्ही सारखे उचलून तरंगत जातात आणि टोळ दिसला की झडप. दिवसभर विखुरलेले, दिवस मावळायच्या वेळी एका गवताळ पट्ट्यात मुक्कामाला जमतात. इथं आत्याला मी नुसती वही धरून दिली, बाकी सगळं तिचं. नर ओळखायला सोपे, माँटेग्यूच्या भोवत्याच्या पंखावर वरनं एक काळी रेघ जाते, पांढुरक्या भोवत्याला ती नसते, फक्त टोकाला काळी पाचर. माद्या मात्र दोन्ही तपकिरी, दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. आत्या म्हणाली, "डाग बघू नकोस, गळा बघ." पांढुरक्याच्या मादीला गालाच्या काळ्या चंद्रकोरीमागं फिकट कॉलर असते. उडत्या पक्ष्यात ती कॉलर बघायची म्हणजे एकाच पक्ष्यावर दुर्बीण ठेवून तो वळेपर्यंत थांबायचं, दुसरा कितीही जवळनं गेला तरी हलायचं नाही. मी तीन-चार वेळा बघून झाल्यावर मला ती दिसली, आणि एकदा दिसली की मग प्रत्येकीत दिसायला लागली. भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे शाळूवर उतरत होते, राखणीला पोरं गोफण घेऊन ओरडत होती, आणि त्या गोंधळात एक भोवत्या आमच्या इतक्या जवळनं गेला की त्याचा पिवळा डोळा दिसला.

घरी येऊन सगळ्या लिस्ट ईबर्डवर चढवल्या. ज्या पक्ष्याची खात्री नव्हती तो सरळ सोडून दिला, आत्याचा नियमच आहे तो. १८८१ साली बटलर नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातल्या पक्ष्यांची यादी छापली होती, त्यात आपल्या बेळगावच्या नोंदी आहेत म्हणून आज आपल्याला कळतं की तेव्हा इथं काय होतं. आपण आज करतोय त्या नोंदी पण अशाच कुणाच्या तरी कामाला येणार.

जाणार असाल तर डिसेंबर मध्य ते जानेवारी अखेर सगळ्यात बरं, मार्चच्या आत करकोचे परतीला लागतात. कर्ण्याची साद ऐकायची असेल तर मात्र डोंगर फेब्रुवारीअखेर ठेवा, आम्ही पुढच्या वेळेला तसंच दोन भागांत करणार आहोत. आत्याची कानाची तपासणी झाली, मशीन लावायचं ठरलंय, डॉक्टरांना तिनं पहिला प्रश्न विचारला की फुलटोच्या ऐकू येईल का. त्यांना फुलटोच्या माहीत नव्हता, तर हिनं फोन काढून तिथंच आवाज लावून दाखवला. ते म्हणाले, बघूया, मशीन त्या पट्टीला लावून देतो. फेब्रुवारीत पक्षीगणना असते तेव्हा व्हॅक्सिन डेपोत सकाळी आम्ही दोघी असणार, बेळगावातलं कुणी येणार असेल तर या, दुर्बीण नसली तरी चालेल, आत्याकडं एक जादा आहे.